मी ऐकलं होतं

हे मी डॉक्टरांपुढेसुद्धा तोंडातून काढलेलं नाही. ते म्हणाले होते, तुझा आजार चिंतेचा आहे, साधी अडचणसुद्धा तुला संकट वाटते, मग ती सोडवायची सोडून तू पळतेस. मी मान डोलावली. पळून कुणाला तुडवलं — ते कुठे सांगितलं?

मी लातूरकडची, आठवीतून शाळा सुटलेली. कोकणात शिरोड्याला काकींच्या खानावळीत कामाला आले तेव्हा फोन वाजला तरी छाती धडधडायची. काकींनी आपल्याच खोलीत झोपायला जागा दिली. मासे साफ करायला पार्वतीताई यायच्या. माझा श्वास अडकला की त्याच पाठ चोळत बसायच्या.

एक दिवस त्यांचा नातू तापला म्हणून त्या लवकर निघाल्या. "सुरमयेर बर्फ घाल गो," म्हणाल्या. मी "हो" म्हटलं — आणि विसरले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी ताटं परत केली. नासलेल्या मासळीचा तो वास… अजून येतो मला. माझाच.

काकी रागावल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "उद्या देवळात तुझा गाऱ्हाणा घालूचा आसा."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. झालं — आता गावापुढे माझी तक्रार, मग घरी रवानगी. कसलं गाऱ्हाणं, एवढं विचारायला काय लागत होतं? नाही विचारलं. म्हणाले, "काकी, बर्फाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. पार्वतीताई तशाच गेल्या."

किती सरळ आवाजात म्हणाले. खोटं बोलताना छाती धडधडली नाही माझी. याचीच किळस येते.

सकाळी काकींनी पार्वतीताईंना दारातूनच परत पाठवलं. त्या माझ्याकडे वळल्या. "तुका सांगलंय मा गो मिया? तू तरी सांग."

मी टोप घासत होते. घासतच राहिले.

मग देवळात गेलो. गुरवानं नारळ ठेवला, हात जोडले — "बा देवा म्हाराजा, ह्या लांबचा पोर आमच्या पदरात इलासा. तेच्या मनातला भय काढून टाक, तेका सांभाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. काकींचे डोळे भरलेले. हे गाऱ्हाणं! माझ्यासाठी मागणं. आणि मी? तिथेच सांगता आलं असतं. पार्वतीताईंचं घर देवळाच्या मागेच होतं. मीही म्हटलं — व्हय म्हाराजा.

प्रसादाचं खोबरं खाल्लं. गोड लागलं, हेही लिहिते.

काकींनी मला ठेवून घेतलं, अजून ठेवलंय. त्यांच्या उपकारांचं मी भरभरून बोलते, आणि बोलून झालं की स्वतःचाच तिटकारा येतो.

पार्वतीताई आता बाजारात सुकी मासळी विकतात. त्यांना वाटतं, त्या दिवशी मी घाबऱ्या जिवानं नुसतंच हो म्हटलं, त्यांचं सांगणं मला ऐकूच गेलं नसेल. मी दिसले की टोपलीवरच्या माश्या वारत विचारतात, "औषधा घेतंस मा गो वेळेर?"

मी हो म्हणते.