पाशाभाईंचा तिसरा काप

रविवार, ८ डिसेंबर २०२४, केज. थंडी. नळाला पाणी पावणेसातला आलं. पाशाभाईंनी पेपर धरायला दुकानामागे बोलावलं.

पाशाभाईंचं मटणाचं दुकान आमच्या मागच्या भिंतीला लागून आहे. आम्ही लिंगायत, घरात अंडंही येत नाही. यजमान होते तोवर मी तिकडची खिडकी उघडत नसे. ते गेल्यावर उघडली आणि विचारू लागले. बोकडाला आधी पाणी का पाजता? सुरीला धार घरातच का लावता? पाशाभाई कधी चिडले नाहीत.

"सुरी त्याला दिसू द्यायची न्हाई, आक्का. एकासमोर दुसरं कापायचं न्हाई. आन् हात एकदाच फिरवायचा."

"दुखत असेल?"

"ते सांगायला येत न्हाई. म्हणूनच हात चुकू द्यायचा न्हाई."

शुक्रवारी मात्र हात चुकला. सुरी दोनदा फिरवावी लागली. तेव्हापासून त्यांच्या मुलाने, इरशादने, विजेच्या यंत्राचं लावून धरलंय. त्याने मलाही मोबाइलवर दाखवलं. झटका बसतो, जनावर बेशुद्ध पडतं, मग कापायचं.

"आन् झटक्यानंच मेलं तर? हराम झालं की," पाशाभाई म्हणतात.

"मरत न्हाई, अब्बा. तसंच सोडलं तर उठून उभं राहतंय."

"झटका बसताना त्याचं तोंड दाखवलंय का बे?"

खरंच दाखवलं नव्हतं. त्या क्षणी काय होत असेल, ते इरशादलाही सांगता आलं नाही. पण आज सकाळी तो बोलून गेला, "काय बी असो, तुमच्या हातापेक्षा बरं!" म्हणून मला हाक आली.

धार बघायला पाशाभाई रोज लटकता पेपर कापतात. आज हात बघायचा होता. रविवारी बोकडं तीन, म्हणून काप तीन.

"पोरगा रागात हाय, गिऱ्हाइकाला घाई हाय," ते म्हणाले. "तुमाला मटन खायचं न्हाई. तुमी खरं सांगाल."

मी पेपर दोन्ही टोकांना धरला. पुढे गिऱ्हाइकांच्या रांगेतून शहादेव ओरडला, "चाचा, आज पेपरच किलोवर देता का?"

पहिला काप सरळ गेला. दुसराही. तिसरा मध्येच वळला आणि कागद फाटला.

"कागद पातळ हाय," पाशाभाई म्हणाले.

हो म्हणणं सोपं होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही.

"कागद तोच आहे, पाशाभाई. हात हलला."

त्यांनी सुरी पुसली आणि मूठ बाजूला उभ्या इरशादकडे केली. "तिन्ही तूच काप."

इरशाद एकदम मवाळ झाला. "दोन तर तुमी करा, अब्बा. दोन सरळ आलेत."

"हात चुकायचं तिसरं कोणतं, ते आधी कुणी सांगावं?"

त्यांनी बोकडाच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. इरशादचा हात एकदाच फिरला. पाय किती वेळ हलतात, ते मी घड्याळात पाहिलं. अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. ते दुखणं होतं की नुसते पाय हलत होते, असं मी पाशाभाईंना विचारलं. "मला बी म्हाईत न्हाई, आक्का," म्हणाले.

संध्याकाळी आमची विळी पाशाभाईंकडून धार लावून आणली. दुधी भोपळ्याची भाजी, दोन भाकरी.