दुधाच्या गाडीवरचं फुलाफुलांचं कापड

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोळवण खोऱ्यातल्या एका गावात नर्स म्हणून रुजू झाले. दर बुधवारी शाळेच्या व्हरांड्यात लहान मुलांना लस टोचायची, हे माझं मुख्य काम. लस मोठ्या दवाखान्यातून बर्फाच्या पेटीत, सकाळच्या एसटीनं यायची. तिकडे वीज गेली की बर्फ व्हायचा नाही आणि बर्फाशिवाय डॉक्टर लस पाठवायचे नाहीत.

गावात फोन नव्हता. पण आमचं दूध घोटावड्याच्या पलीकडे ज्या शीतकरण केंद्रात जायचं, तिथे होता. डॉक्टर मंगळवारी तिथे फोन करायचे, तिथला कारकून दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगायचा आणि ड्रायव्हर संध्याकाळी मला. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, एकमेकांच्या भिडेखातर चाललं होतं.

एका मंगळवारी नेहमीचा ड्रायव्हर रजेवर होता. बदलीच्या माणसानं इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून निरोप सांगितला. कॅनच्या खडखडाटात मला ‘उद्या लस येनार’ एवढंच ऐकू आलं. पुढचं ‘न्हाई’ ऐकूच आलं नाही. मी सगळ्या वाड्यांवर सांगावा धाडला.

बुधवारी एसटी आली, पेटी आली नाही. भातलावणीचे दिवस. बाया हातातली कामं टाकून आल्या होत्या, त्या मला बोल बोल बोलल्या. डोंगरावरच्या वाडीतून एक तरुण बाई तान्ही मुलगी घेऊन उतरली होती. तिनं मुलीच्या डोक्यावर पदर घेतला आणि चढणीला लागली. मागेही एकदा ती अशीच रिकामी परत गेली होती. पुढच्या बुधवारी लस आली, ती मात्र आली नाही.

मग मीच वर गेले. तिनं पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली.

“मी मुद्दाम नाही गं केलं,” मी म्हणाले.

“तसं कुटं म्हनतीया मी, बाई. पन खाली आल्यावर कळून काय उपेग? मला हितं कळाय पायजे.”

“इथं कसं कळणार?”

ती हसली. “हितनं तर निस्ती दुधाची गाडी दिसती.”

खाली खाचरांच्या कडेनं रस्ता गेला होता. मी तिथे बसून राहिले ती संध्याकाळची गाडी येईपर्यंत. टपावरचे कॅनसुद्धा दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या ड्रायव्हरला विचारलं, लस येणार असेल तर गाडीवर एखादं कापड बांधाल का? तो म्हणाला, “माझी ना न्हाई. पन गाडी दूधवाल्यांची हाय, दवाखान्याची न्हाई. चेअरमनला इचारा.”

दूध सोसायटीचे चेअरमन माप घेत उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कापड कुठल्या रंगाचं?” त्यांनी विचारलं. “भगवं लावलं तर एक पार्टी म्हनंल आमचं, लाल लावलं तर दुसरी.”

“निळं?”

“तुमच्या वस्तीत चालंल. वरच्या आळीत बोंब हुईल.”

मी बौद्ध वस्तीत खोली घेऊन राहत होते. पण तो टोमणा नव्हता, अडचण खरीच होती. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, “आमच्या मंडळींचं जुनं पातळ हाय, फुलाफुलांचं. त्या रंगाची पार्टी अजून निघाली न्हाई.”

चेअरमन हसले आणि काम झालं.

आम्ही एकच नियम ठेवला आणि मी तो सगळ्या वाड्यांवर कळवला. बर्फ तयार झाला की डॉक्टरांनी फोन करायचा. फोन आला तरच कारकुनानं गाडीवर कापड बांधायचं. कापड नसेल तर कुणी निघायचं नाही. फोन लागला नाही, कारकून विसरला, काहीही झालं, तरी कुणाला फुकटची पायपीट पडणार नव्हती.

पहिल्यांदा कापड फडकत आलं त्या संध्याकाळी माझं जेवणात लक्ष नव्हतं. सकाळी मी एसटीच्या आधीच शाळेत जाऊन बसले. ती वाडीवरची बाई आली, सोबत शेजारणींना घेऊन. पेटी आली. मुलीला सुई टोचली तशी तिनं शाळा डोक्यावर घेतली आणि आई तिला थोपटत हसत राहिली.

पुढे गुरांच्या डॉक्टरांनीही आपल्या फेरीसाठी वेगळं कापड मागितलं. म्हशींचा प्रश्न असल्यामुळे चेअरमननी ते लगेच दिलं.

मुलीचे सगळे डोस झाले त्या दिवशी ती बाई जायला निघेना. मग हळूच म्हणाली, “बाई, ती गाडी घोटावड्यावरनं जाती ना? तितं माझी आई हाय. तिला कळवाल का, पोरीचं समदं टोचून झालं म्हनून? ती लई घोर करती.”

मी ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं इंजिन बंद करून नीट ऐकलं आणि माझ्यापुढे म्हणूनही दाखवलं. काही दिवसांनी त्यानं उलट निरोप आणला. म्हातारी गाडीजवळ येऊन उभी राहिली होती म्हणे. तिनं सांगितलं होतं, “लेकीला म्हनावं, सुगी झाली की पोरीला घिऊन ये. मी अजून तिचं त्वांड बगितलं न्हाई.”

तो निरोप मी वाडीवर स्वतः जाऊन दिला.