डॉक्टर काय म्हणाले

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, म्हणजे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ज्यांना मी फोन करून सांगते, त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट कळत नाही. कदाचित तुम्ही आप्पांना ओळखत नाही म्हणून. त्यांना ओळखणारं कुणी समोर बसलेलं असतं तर माझ्याच्याने — नाही, झालं नसतं.

आप्पा माझे वडील. तीस वर्षं ते छत्तीसगडकडच्या एका पोलाद कारखान्यात भट्टीवर होते. आई आणि मी शिंदखेड्याला. वर्षातून दोनदा ते सुट्टीवर यायचे, आणि आले की घर आमचं राहायचं नाही. ओट्यावर सतरंजी पडायची. कुणाच्या भाच्याला तिकडे कामाला लावायचं असायचं, कुणाची सोयरीक अडलेली, कुणाला नुसताच चहा हवा असायचा. आप्पांना माणसं लागायची. आणि माणसांना आप्पा.

मी गुणपत्रिका घेऊन दाराच्या आड उभी असायची. आप्पा मला हाक मारायचे, सगळ्यांसमोर गुण मोठ्याने वाचायला लावायचे. "मनी आंडेर पहिली वनी," माझी लेक पहिली आली, म्हणून ओट्यावर मिरवायचे. लोक शाबास म्हणायचे. मला काय हवं होतं? त्यांनी ती एकदा एकट्याने बघावी. माझ्याबरोबर, आतल्या खोलीत. एवढंच. ते कधी झालं नाही. पंधरा दिवस संपायचे, आणि आम्ही स्टेशनवर उभ्या. तिथेही दहा माणसं सोडायला आलेली.

पण त्यांनीच मला धुळ्याला होस्टेलवर ठेवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. लोक म्हणाले, मुलीला कशाला. आप्पांनी त्याच लोकांना चहा पाजला आणि मला पाठवलं. आज मी जळगावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, ती त्यांच्यामुळे. हे आधी सांगितलं पाहिजे. पुढचं ऐकताना तुम्ही हे लक्षात ठेवा — किंवा नका ठेवू. त्याने काही हलकं होत नाही.

निवृत्त होऊन ते गावी परतले. कारखान्याने त्यांचे कान नेले होते, बाकी माणूस तोच. हिवाळ्यात सुपडू आबांच्या शेतात भरीत व्हायचं. सुपडू आबा त्यांचे शाळेपासूनचे सोबती, कपाशीवाले. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजायची, ते काम आप्पांचं. दुसऱ्या कुणी विस्तवाला हात लावलेला त्यांना चालायचा नाही.

"तू कपाशी पिकाड, सुपडू. इस्तो मनं काम शे."

"तीस वरीस लोखंडनं पानी करं, आते वांगं भाजी राहिना, देखा," सुपडू आबा सगळ्यांना म्हणायचे. दरवर्षी तेच. दरवर्षी सगळे हसायचे.

आई गेली. मग तीन वर्षांनी आप्पांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. मी त्यांना जळगावला, मेहरूणला आमच्या घरी आणलं. हे तेव्हा नोकरीने नाशिकला, शनिवारी यायचे. मुलगा पुण्याला शिकायला. म्हणजे घरात मी आणि आप्पा. फक्त मी आणि आप्पा — मला वाटतं, तिथेच ते सुरू झालं.

दवाखान्यात मीच न्यायची. डॉक्टर भले होते, पण हळू बोलायचे, तोंडाला मास्क, अर्धं इंग्रजी. आप्पांना त्यातलं काही ऐकू जायचं नाही. डॉक्टर बोलायला लागले की आप्पा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघायचे. मी सांगेन ते डॉक्टरांचं. शिकलेली मुलगी. तिला ह्यासाठीच तर शिकवलं होतं.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, तब्येत आता चांगली आहे, यांना थोडे दिवस गावी न्या. जुन्या लोकांत बसू द्या, बोलतं ठेवा. वाचा परत यायची असेल तर तिथे येईल, गोळ्यांनी नाही.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हने?"

मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हणाले, प्रवास करायचा नाही म्हणतात. माणसांची गर्दी नको म्हणतात. घरीच राहायचं.

डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते.

झालं. एवढंच. केवढं लहान आहे ना, सांगायला? मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून गेलं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येतं — त्याच मिनिटाला, रिक्षात, घरी आल्यावर. मी घेतलं नाही. रिक्षात मला बरं वाटत होतं. खरं सांगते, बरं वाटत होतं. आता ते माझे होते. ओट्यावर कुणी नाही, सतरंजी नाही. मी आणि आप्पा.

आप्पांनी वाद घातला नाही. "तू सांगशी तसं," म्हणाले. गावाहून फोन आले की मीच उचलायची. डॉक्टरांनी भेटायला मनाई केली आहे, म्हणायची. लोक पुन्हा विचारायचे नाहीत. डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे कोण विचारतं?

आणि मग आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. मी त्यांना काय बोलू? पन्नाशी आली तरी मी त्यांच्याशी एकटीने कधी बोललेच नव्हते. मला येतच नव्हतं. त्यांनाही. ते खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे बघत राहायचे. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून नाही, नुसतीच माणसं. मी कॉलेजातलं काहीतरी सांगायची, ते मान हलवायचे. जे थोडे शब्द परत आले होते, ते हळूहळू गेले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, गावी नेलं होतं का? मी म्हणाले, हो, आठ दिवस. ते म्हणाले, मग फरक का नाही पडला? आणि त्यांनी गोळी बदलली. माझ्या खोटेपणासाठी आप्पांनी ती गोळी पाच महिने खाल्ली.

त्या हिवाळ्यात एका दुपारी बेल वाजली. दारात सुपडू आबा, हातात स्टीलचा डबा. दोन जिने चढून धाप लागलेली. आप्पा आत जागे होते. त्यांना बेलही ऐकू आली नव्हती. मी दार अर्धंच उघडं ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, झोपलेत. डॉक्टरांनी उठवू नका सांगितलंय.

आबांनी एक चप्पल काढली होती. ती त्यांनी परत पायात घातली. "बरं माय. निजू दे त्याले. डाक्टर सांगस ते खरं." डबा माझ्या हातात दिला आणि कठड्याला धरून उतरले. शिंदखेड्याहून पॅसेंजरने आलेला माणूस. मी पाणीही विचारलं नाही. पाणी विचारलं असतं तर आत घ्यावं लागलं असतं.

संध्याकाळी मी आप्पांना डब्यातलं भरीत वाढलं. म्हणाले, मी केलंय, गॅसवर. त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग म्हणाले — आणि इतकं स्पष्ट ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते —

"पऱ्हाटी वल्ली व्हती."

माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग डाव्या हाताने सगळं संपवलं. ताट पुसून खाल्लं.

त्यांना कळलं होतं. किती कळलं होतं, ते मला माहीत नाही. सुपडू आबा आले आणि गेले एवढंच? की सगळंच? मी तेव्हा सांगू शकत होते. ताट उचललं आणि धुवायला गेले.

मार्चात आप्पा गेले. गंधमुक्तीला, म्हणजे दिवसांच्या शेवटच्या विधीला, शिंदखेड्याच्या घरापुढे मांडव कमी पडला. इतकी माणसं, आणि त्यातल्या एकालाही दीड वर्षात ते दिसले नव्हते. सुपडू आबा सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, पोरगा करणार नाही एवढं या पोरीनं केलं, डॉक्टरचा शब्द कधी मोडला नाही. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी पदर पुढे ओढून घेतला. त्यांना वाटलं, मी रडते आहे.

याला आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात आबांचा फोन आला. छातीत दुखतं, मुलगा सुरतला असतो, जळगावच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. "तू चाल संगे. तू नीट समजाडी सांगशी."

मी गेले. डॉक्टर जे म्हणाले ते मी आबांना शब्दन् शब्द सांगितलं. गोळ्यांच्या वेळा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. मग त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, आजूबाजूला कुणी नव्हतं. ते आप्पांबद्दलच बोलत होते.

मी ऐकत बसले. गाडी आली. चढण्याआधी आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.