तिनं अंगावर घेतलेली खोट

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आई होती तोवर तिच्यासाठी, नंतर नुसत्या लाजेखातर. आम्हाला मूल झालं नाही याचं कारण मी होतो, माझी बायको नव्हे.

आम्ही विणकर. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतरच्या वर्षांत आम्ही दोघं नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, की आईच्या पोटात मुलाच्या ग्रंथी आणि नळ्या घडताना काही जनुकं वेळेवर आणि योग्य प्रमाणात चालू व्हावी लागतात. माझ्या एका जनुकातच दोष होता. बीज तयार होत होतं, पण वीर्यकोश आणि बीज बाहेर नेणारी नळी घडलीच नव्हती.

मी खाली मान घालून बसलो. बायको म्हणाली, "म्हंजे मागाच्या पत्त्यालेच भोक नाही पडलं. मंग किनारीवर फूल कसं उमटन?"

साडीची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरली भोकं ठरवतात, हे मी डॉक्टरांना समजावलं. ते हसले. बोलता बोलता माझी मान वर आली होती. ती तिनंच आणली होती.

परतताना एसटीत, कारध्याच्या पुलावर ती म्हणाली, "मायले मी सांगीन, खोट माह्यात हाये."

"काहून?"

"तुमचं आयकून तिले सहन होनार नाही. मले तं ती तशीही बोलतेच. तुमी फक्त चूप राहा. ते काही तुमाले शिकवा लागत नाही."

दोघंही हसलो. घरी आल्यावर तिनं आईला तसंच सांगितलं. मी चूप राहिलो.

पुढं धाकट्या भावाच्या बायकोला दिवस गेले. ओटीसाठीची साडी मी विणली, धाग्याच्या कांड्या बायकोनं भरल्या. ओटीच्या दिवशी ती साडी आणि नारळ घेऊन पुढं झाली, तशी आई बायकांसमोर म्हणाली, "तू नको वो भरू. साडी ठेव अन् सरक मांगं. लेकुरवाळ्यायले भरू दे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "नारळ कमी पडतीन, घेऊन येतो," आणि बाहेर पडलो. नारळ भरपूर होते.

परतलो तेव्हा ती पंगतीत वाढत होती. माझ्या पानात तिनं भाजी जरा जास्तच वाढली. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. पुतण्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला भरवलंही तिनंच. माझं घर, माझी चारचौघांतली मान, सगळं तिचं देणं आहे.

बायको शेवटच्या आजारात होती, तेव्हा एका दुपारी मी खाट जवळ ओढली. "त्या ओटीच्या दिवशी..." एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, "जेवले काय तुमी?"

"जेवलो."

"मंग पडा थोडं."

मी पडलो. तुझ्यात काही खोट नव्हती, हे मी तिथं, सगळ्या बायकांसमोर, आईसमोर बोलायला हवं होतं. माझं चुकलं, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं.