जोडाच्या खालून वाढलेला आंबा

मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा आली की तिला शब्द विचारायचं काम माझं. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसरीकडे अर्थ. हातातली कामं न थांबवता होतं. जीनोटाइप म्हणजे जीवाच्या आतला वारसा. फिनोटाइप म्हणजे बाहेर दिसणारं रूप. एवढं मलाही पाठ झालं होतं.

त्या सकाळी मागच्या पडवीत हेच चाललं होतं, तेवढ्यात सासरे परसातल्या कलमाचा पहिला पिकलेला आंबा घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या वेळचा एक रायवळ आंबा परसात होता. बाठ्यातून, म्हणजे कोयीतून, आपोआप रुजलेला, खोबऱ्याच्या चवीचा. गावात तसा दुसरा नव्हता. तो वादळात आडवा झाला, पण त्याआधी सासऱ्यांनी त्याची काडी एका रोपावर बांधून घेतली होती. ते कलम लहान असताना वासराने खाल्लं. पावसात बुडाशी पुन्हा फुटलं तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

मी आंबा कापला. आत धागेच धागे. फोड तोंडात घातली आणि दात आंबले. सासरे म्हणाले, पहिली फळं अशीच येतात.

मुलगी मात्र उठून झाडाशी गेली आणि बुंध्याची माती खरवडू लागली. आत वाळका खुंट निघाला. त्यावर काडी बांधलेल्या जोडाची गाठ होती. झाड त्या गाठीच्या खालून वाढलं होतं.

“आजोबा, हो तो जुनो आंबो नाय,” ती म्हणाली. “काडी वासरान खाल्ल्यान. ह्यां खालचां रोप वाढलां.”

इतकी वर्षं पाणी घातलं, शेणखत घातलं, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलं. माझ्याही लक्षात येऊ नये? मी घरातली वाटी जागची हलली तरी ओळखते.

सासऱ्यांनी विचारलं, जुन्याचा बाठा कुठे रुजला असेल तर? तिने सांगितलं, त्यात अर्धा वारसा त्या झाडाचा, अर्धा ज्याचा पराग आला त्याचा. तोच आंबा हवा तर त्याचीच काडी हवी.

मी लगेच फोन हातात घेतला. जुनं झाड उभं होतं तेव्हा त्याची काडी शेजारच्यांनी मागितली होती, नणंदेने तर हट्टच धरला होता. कोणाला दिली ते आठवा, म्हटलं.

“कोणाकच दिलंय नाय,” सासरे म्हणाले. “आमचो आंबो आमच्याच परसात रवांदे म्हटलंय.”

नणंदेचा नंबर मी काढला होता. तो लावला नाही.