काटा खाली आला तेव्हा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. त्यामुळे देवाचं काही ऐकलं की आधी मनात शंका यायची. आईचं गाऱ्हाणं मी नुसतं सहन करायचो. गाडी कुठेही निघाली की ती मागच्या सीटवरून हात जोडून मोठ्याने गावच्या देवीला आणि वेशीवरच्या राखणदाराला हाक मारणार, आणि 'व्हय महाराजा' म्हणायला मी. मी ते गिअर टाकता टाकता म्हणायचो.

गाडी एकोणीस वर्षांची. तिच्या रेडिएटरला मी गॅरेजवाल्याचा हात लागू दिलेला नाही. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाणी बघायचं, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी मापाने घालायचं, हे सगळं मीच करायचो. फक्त खालचा होजपाइप कधी बदलला नाही. वरून चांगला दिसत होता.

त्या दिवशी मुलुंडच्या हॉस्पिटलात बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. दीडला आत नेणार होते. त्याआधी देवीचा अंगारा त्यांच्या कपाळाला लावायचा, एवढंच आईला हवं होतं. ते परत बाहेर येतील का, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो. गोरेगावहून आरेच्या रस्त्याने निघालो. ऑक्टोबरची दुपार. झाडांमध्ये शिरल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. मी एसी बंद केला, काचा उघडल्या. काटा लाल पट्टीला टेकला. मागे आईने गाऱ्हाणं सुरू केलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा सरसर खाली आला, अगदी थंडच्या खुणेपर्यंत.

"बघ, आयकल्यान देवीन," आई म्हणाली.

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मीही मनातल्या मनात हात जोडले आणि गाडी जोरात सोडली. तेवढ्यात पक्ष्यांचा आवाज थांबल्यासारखा वाटला. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा हात वर करून उभा. पांढरा सदरा, पाय अनवाणी. मी करकचून ब्रेक मारला.

तो खिडकीशी आला. "बंद कर. पाणी नाही त्यात."

"काका, काटा बघा, थंड आहे!"

"पाणीच नाही, तर काटा कुणाला मोजणार?"

हे मला ठाऊक होतं. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. पुस्तकात वाचलेलं, आणि नेमकं त्याच वेळी विसरलेलं. पण बॉनेट न उघडता याला कसं कळलं?

मी बॉनेट उघडलं. घाईत फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवणार, तोच त्याने स्वतःचा उघडा तळवा त्यावर ठेवला. फडक्यातूनही मला चटका बसत होता. त्याचा हात हलला नाही. जळक्या कातडीचा वास नाही, चेहऱ्यावर वेदनेची रेघ नाही. "निवू दे," म्हणाला.

"पण वेळ नाही हो!" मी ओरडलो.

"मेल्या, तुझो बाप थय वाट बघता, आणि तू काट्याशी भांडतस! रिक्षा बघ," आई खाली उतरत म्हणाली.

मी बॉनेट आपटलं, गाडी लॉक केली, किल्ली खिशात टाकली. रिक्षा मिळाली. "जा. मी आहे इथे," तो म्हणाला. मागे वळून बघितलं, तर तो बॉनेटवर हात ठेवून तसाच उभा होता. हॉस्पिटलात पोहोचलो, बाबांना स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा आईने अंगारा लावला. त्यांनी तिचा हात धरला. आईला बाहेर नेऊन बसवलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर, उजेड असतानाच, पाण्याचे दोन कॅन घेऊन मी आरेत परत गेलो. गाडी लॉक, बॉनेट बंद, म्हातारा नाही. समोर दुपारपासून बसलेला नारळपाणीवाला होता. "तुम्ही गेल्यापासून इथे कुणीच नाही," तो म्हणाला.

बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो. किल्ली दिवसभर माझ्या खिशात होती. मी झाकण फिरवलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. माझ्या हिरव्या कूलंटचा थेंब नाही, नितळ पाणी. बोट बुडवलं तर विहिरीतल्यासारखं गार. मी बराच वेळ बोट बाहेर काढलं नाही. भीती वाटत होती, आणि तिथून हलावंसंही वाटत नव्हतं.

गाडी गॅरेजपर्यंत गेली. मेकॅनिकने खालच्या होजला हात लावला, आणि तो मधोमध फाटून सगळं पाणी त्याच्या पायावर आलं. "साहेब, हे टिकलं कसं?"

मी त्या माणसाला शोधलं नाही. शोधलं असतं, तर पुन्हा मोजायलाच बसलो असतो. खाली आलेला काटा मी कृपा समजलो होतो. कृपा तर रस्त्यात आडवी उभी होती, आणि मी तिच्यावर ओरडलो. बाबा आता घरी आहेत. ते झोपले की त्यांच्या छातीची हालचाल मी दारातून बघतो, आणि पूर्वी कधी न जोडलेले हात आपोआप जोडले जातात.