गुलाबाचं कलम

परवा दादरहून गुलाबाचं कलम आणलं, त्याच्या खोडावर गुंडाळलेली पट्टी पाहिली आणि डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या गॅलरीत असलेला डालडाचा डबा आठवला. त्यात गावठी गुलाब होता. वडिलांनी कुठूनशी लाल गुलाबाची काडी आणून तिचा डोळा, म्हणजे इवलासा कोंब, त्या गावठी फांदीच्या सालीत बसवला, वरून गिरणीतलं सूत घट्ट गुंडाळलं आणि बजावलं, "तीन आठवडे कुणी हात लावायचा नाही." आठवडाही झाला नव्हता, तोच ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेले आणि मागाहून गोळीबाराची बातमी आली. खाली कर्फ्यू, हवेत अश्रुधुराचा तिखट वास, आम्हा पोरींचा घसा खवखवत होता. आईला एका जागी बसवेना. ती कठड्याशी जायची, ओस रस्ता पाहायची, मग डब्यापाशी बसून सूत सोडायची, कोंब हिरवा आहे ना बघून पुन्हा बांधायची. दुपारभर हेच चाललं. दिवेलागणीला वडील आले, सदरा फाटलेला, पण धडधाकट. पाणी पिता पिता त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. कोंब सुकून सालीतून सुटला होता. "अगं, सारखं उघडून बघितलंस तर तो धरेल कसा?" आई ताडकन म्हणाली, "मग काय बघत बसू? रस्ता?" आज लेकीला यायला उशीर होतोय, आणि मी दोनदा उठून त्या पट्टीची गाठ चाचपून आले.